आईंना सांगून बघते

माझी धाकटी जाऊ बंदरात न जाता बंदर चालवते. हे मी पहिल्यांदा भावोजींच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या तोंडून ऐकलं, तेव्हा मला ती बायकोच्या कौतुकात मारलेली थाप वाटली होती. पण आहे तसंच. जहाजांवरून उतरणाऱ्या त्या घराएवढ्या लोखंडी पेट्या असतात ना, त्यांतली कुठली कुठे ठेवायची, कुणाच्या डोक्यावर कुणाला चढवायचं, हे क्रेनवाल्याला सांगणारी प्रणाली तिची कंपनी बनवते. ती बसते आमच्या जेवणाच्या टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला. दुसऱ्या टोकाला मी भाजी निवडत असते. मधल्या हातभर जागेत कुठली कुठली जहाजं लागतात देव जाणे!

तिची कामाची एक तऱ्हा आहे. अडली की लॅपटॉप तसाच उघडा ठेवून उठते, "आईंना सांगून बघते" म्हणते आणि सासूबाईंच्या खुर्चीपुढे स्टूल ओढून बसते. सासूबाईंचा जन्म शिवणाच्या मशीनवर गेला. संगणकाला त्यांनी पुसायलासुद्धा हात लावलेला नाही. त्या नुसत्या ऐकतात. मधूनच "मग?" म्हणतात. आणि सांगता सांगता धाकटी टुणकन उठते. सापडलेलं असतं तिचं तिलाच. मी हे इतक्यांदा पाहिलं होतं की त्यात काही विशेष आहे असं वाटेनासं झालं होतं.

यंदा तिची कंपनी परदेशातल्या एका मोठ्या कंपनीने विकत घेतली. नव्या मालकांनी ठरवलं की इथलं ऑफिस बंद. मोजकी माणसं तिकडे न्यायची, बाकीच्यांना नमस्कार.

"सगळीकडे हेच वारं आहे, ताई," धाकटी म्हणाली. "आधी म्हणाले घरून करा. आता म्हणतात एका छपराखाली या. निम्मे प्रोग्रॅम तर यंत्रंच लिहायला लागलीत. मग माणसं हवीत कशाला, तर यंत्रांच्या चुका शोधायला."

कोण जाणार हे असं ठरणार होतं: प्रत्येकाला प्रणालीतली एक खरीखुरी चूक द्यायची आणि ती शोधताना त्याला बघायचं.

धाकटीला जायचं होतं, फार जायचं होतं. ज्या पेट्या ती वर्षानुवर्षं हलवत आली, त्यांतली एकही तिने डोळ्यांनी पाहिलेली नव्हती. आणि तिकडच्या ऑफिसच्या खिडकीतून म्हणे आख्खं बंदर दिसतं. भावोजी फ्रिज दुरुस्त करतात. ते म्हणाले, "तू बिनधास्त हो म्हण. फ्रिज काय, तिकडचेही बिघडतात."

या परीक्षेच्या दिवशी ती ऑफिसला गेली आणि संध्याकाळी चेहरा पाडून परत आली. चपलाही न काढता सासूबाईंच्या शेजारी जमिनीवर बसली.

"काचेची खोली होती. पडद्यावर तिघं जण. माझी दातखीळच बसली. तोंडातून शब्द निघेना, आणि बोलले नाही म्हणून सुचेनासुद्धा."

"मग?" सासूबाई म्हणाल्या.

"मग तिकडच्या प्रमुख बाईंनी विचारलं, एरवी काय करता? मी सांगून टाकलं. सासूबाईंना सांगते म्हणून."

मी कपाळावर हात मारला. "अगं, असं सांगतात का कुणी!"

"हसतील असं वाटलं होतं मला. पण त्या म्हणाल्या, आमच्याकडे लोक टेबलावर खेळणं ठेवतात आणि त्याला समजावतात. तुमच्याकडे तर जिवंत माणूस आहे. मग तसंच करून दाखवा."

दोन दिवसांनी आमच्या टेबलावर लॅपटॉप खिडकीकडे पाठ करून ठेवला गेला. सासूबाईंनी केस नीट विंचरून घेतले.

"मी दिसते का त्यांना?"

"दिसता."

"चष्मा काढू का मग?"

"आई, ते मला बघायला आलेत."

"असू दे. घराची अब्रू दोघींची आहे."

मी स्वयंपाकघराच्या दारात देवाचं नाव घेत उभी राहिले. पडद्यावरच्या तिघांना आपली भाषा येत नव्हती. ते फक्त बघत होते.

"आई, एक पेटी आहे. क्रेनने ती उचलली."

"मग?"

"दुसऱ्या जागी ठेवली. पण प्रणाली म्हणते, पेटी हवेतच आहे. म्हणजे क्रेनला लटकलेली. आणि क्रेन तर रिकामी!"

"अगंबाई. मग?"

"मग क्रेनला नवीन पेटी उचलू देत नाही. सगळं काम ठप्प." धाकटीने दोन्ही हातांनी हवेत पेटी धरली. "उचलली की एक खबर येते. ठेवली की दुसरी. शेवटची खबर काय, त्यावरून पेटी कुठे ते ठरतं. शेवटची आली... उचलल्याची."

धाकटीचे हात तसेच वर राहिले. पडद्यावरच्या बाई पुढे वाकल्या होत्या.

"पण ठेवल्यावर परत उचललीच नाही कुणी. म्हणजे आई, खबर नंतरची नाही. तिच्यावर वेळ नंतरची पडलीय! दोन्ही खबरा वेगवेगळ्या मशीनवरून येतात, आणि एकीचं घड्याळ पुढे आहे!"

ती टुणकन उठली, स्टूल आडवं झालं. एखादी गोष्ट आधी कुठेच नसते आणि बोलता बोलता माणसाच्या तोंडून प्रकटते, हे मी त्या दिवशी धडधडीत पाहिलं. मीही रोज सकाळी एकाच्या समोर बसून गाऱ्हाणं सांगते. तो तर "मग?" सुद्धा म्हणत नाही. तरी उठताना काय करायचं ते कळलेलं असतं. इतकी वर्षं मी याला फक्त त्याची कृपा समजत होते. आता वाटतं, ऐकून घेणं हीच केवढी मोठी कृपा आहे!

आठवड्याने निवडीचं कळलं. भावोजी नाचायचेच बाकी होते. धाकटी मात्र जेवण झाल्यावर सासूबाईंना म्हणाली, "मी नाही म्हणून कळवते. तिकडे तुम्ही नाही. नवरा चालतो, मुलं चालतात, सासू त्यांच्या नियमात बसत नाही. मी कुणाला सांगू?"

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "वेडी आहेस. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. निम्मा वेळ मी माझ्या गुडघ्याचाच विचार करत असते."

"पण तुम्ही 'मग?' विचारता..."

"तू थांबलीस की विचारते. पुढचं मला कुठे ठाऊक असतं? सगळं तूच बोलतेस, बये."

धाकटी हसली, मग तिचे डोळे भरून आले, मग ती लॅपटॉप उचलून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. कंपनीचं एक काम सकाळपासून अडलेलंच होतं. थोड्या वेळाने आतून आवाज यायला लागला. ती एकटीच बोलत होती, आधी पुटपुटत, मग चांगलं खणखणीत. भावोजी दाराकडे निघाले तसं सासूबाईंनी बोट ओठांवर ठेवलं. आम्ही तिघं पानाच्या विड्याला थांबल्यासारखे बसून राहिलो. मधेच आवाज बंद झाला. सासूबाईंच्या ओठांची हालचाल मला दिसली, पण त्यांनी तो शब्द गिळला. आत पुन्हा बोलणं सुरू झालं.

दार उघडलं तेव्हा तिचे गाल लाल झालेले होते.

"सापडलं?" भावोजींनी विचारलं.

"सापडलं. आणि त्यांना हो कळवलं."

सासूबाईंनी तिला हाताने जवळ बोलावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच विचारलं, "काय होतं गं ते?"