आजीच्या लग्नाला यायचं हं!

मोहाडीच्या बाजारात तर्री-पोहे विकणाऱ्या शकुनबाईचं तोंड तिच्या तर्रीहून तिखट. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी तिनं लग्न ठरवलं, तेही स्वतःच. नवरदेव टिकाराम, जवाहरनगरच्या फॅक्टरीतून रिटायर झालेला विधुर. दर बाजाराला तो तिसरी प्लेट मागायचा. ती पोह्यांसाठी नाही, हे शकुनबाईनं बरोबर ओळखलं.

गावानं तोंडात बोटं घातली. नणंद कुंताबाई समजवायला आली. "विधवेचा पाट लावतेत बाई, रातच्यानं, चार माणसांत. गाजावाजा कायले?"

"काहून? मी का चोरी करून राहिली? भर दुपारी लगन लावीन. मांडव पायजे, बँड पायजे, पत्रिका पायजे!"

मुलगा कमलेश मात्र आईला टाळू लागला. शेवटी एकच बोलला, "लोक काय म्हणतीन? पत्रिकेत माहं नाव टाकू नको."

शकुनबाई कोणाच्या बापाला भीत नव्हती, पण हे तिच्या जिव्हारी लागलं. बावीस वर्षं एकटीनं वाढवलेला पोरगा. पत्रिकेत निमंत्रकाची जागा तिनं कोरीच सोडली. ती दुसऱ्या कोणाला द्यायला तिचं मन धजेना.

पत्रिका छापून आल्या. तळाशी नातवंडांची, मोनू-खुशबूची ओळ होती: 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं!' तिनं 'आजीच्या' लिहून दिलं होतं. प्रेसवाल्या केवळरामनं ते चूक समजून सुधारलं.

"मले वाटलं हात चुकला, बाई. आजीचं लगन कोन करते?"

"मी करून राहिली ना! तुह्या पोटात काहून दुखते?"

दीडशे पत्रिका घरी आणून ती पेन घेऊन बसली. 'आत्या' खोडायची, 'आजी' लिहायची. वीसेक झाल्या तशी बोटं आखडली, म्हणून चहा ठेवायला उठली. परतली तर तिच्या जागी कमलेश बसलेला.

"तुहं अक्षर म्हंजे कोंबडीचे पाय," मान वर न करता तो म्हणाला. "लोक काय म्हणतीन?"

तिनं वरची पत्रिका उचलली. 'आजीच्या', टपोऱ्या अक्षरात. आणि वरच्या कोऱ्या जागेत, त्याच पेनानं: 'निमंत्रक: कमलेश, नवरीचा मुलगा.'

शकुनबाईला रडू आलं. पदरानं नाक पुसत तिनं चहाचा कप त्याच्यापुढे सरकवला.

"दीडशे हायेत," ती म्हणाली. "एकबी सोडू नको."