गजभारे सर आणि कोंडिबाची विहीर

गजभारे सरांची नि माझी पहिली भेट पुसेगावजवळच्या एका शेतात झाली. हिंगोलीच्या कॉलेजात मी नुकताच इतिहास शिकवायला लागलो होतो. मी हात जोडायच्या आतच ते म्हणाले, "लोखंड किती हाय अंगावर?" घड्याळ, पट्टा, किल्ल्या, सगळं त्यांनी बाभळीखाली काढून ठेवायला लावलं. स्वतः नाडीचा पायजमा नि रबरी चपला घालून उभे. चष्म्याची तुटलेली काडीसुद्धा त्यांनी तारेऐवजी दोऱ्यानं बांधली होती.

सर मूळचे शिरड शहापूरचे. आमच्याच कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत जमिनीचं चुंबकत्व मोजत हिंडायचे. शेतात दोऱ्या ताणायच्या, लांब नळीचं यंत्र धरून एका चालीनं चालायचं, आणि न खणताच खाली गाडलेली जुनी वस्ती हुडकायची. शेताचा मालक कोंडिबा याला वाटलं, आम्ही गुप्तधन शोधतोय. अर्धं गाव बांधावर येऊन उभं राहिलं.

"ह्या यंत्राला सोनं दिसतच न्हाई, कोंडिबा," सर म्हणाले. "ह्याला चूल दिसते. तापून निवलेली माती त्या वेळचं चुंबकत्व हजारो वर्षं धरून ठेवते."

"चूल बघून काय करता?"

"माणूस कुठं राह्यला, ते चुलीवरूनच कळतं."

नकाशा तयार झाला तेव्हा त्यावर एक ठळक काळा डाग उमटला होता, आणि नेमक्या त्याच जागी कोंडिबाची विहीर व्हायची होती. पाणाड्यानं जागा दाखवली होती, नारळही फुटला होता. मी म्हणालो, सरकारी खात्याला कळवू, काम थांबेल.

"थांबंल," सर म्हणाले. "पण त्याचं पाणी आपण काहून अडवायचं? त्यालाच विचारू."

ते कोंडिबाच्या ओसरीवर जाऊन बसले. खणायची परवानगी येईपर्यंत थांबायला कोंडिबा राजी झाला.

परवानगी आल्यावर आम्ही त्या डागावर लहानसा खड्डा घेतला. खाली खरंच चूल निघाली, भाजून लाल झालेली. कोंडिबाची बायको गयाबाई बघायला उतरली. तिचा पाय चुलीच्या काठावर पडणार, तोच तिनं मागं घेतला. चुलीला पाय लावत नाहीत. तिनं वाकून चुलीत बघितलं नि नवऱ्याला म्हणाली, "कोण्या बाईनं लेकराला रांधून घातलं असंल हितं. इहीर तिकडं घ्या."

विहीर वरच्या अंगाला घेतली, आणि तिथं काळा पाषाण लागला. पाणी होळीपर्यंतही पुरेना.

आमचा लेख छापून आला. लोकांनी कौतुक केलं. सरांनी मात्र त्याची प्रत कुणालाच दाखवली नाही. मला घेऊन ते कोंडिबाकडं गेले. तो शांतपणे म्हणाला, "जुन्या जागी तरी पाणी लागलंच असतं, हे कोन सांगावं?"

"तुमी म्हणा तसं," सर म्हणाले. "मला ते म्हणता येत न्हाई."

पुढच्या उन्हाळ्यात सरांनी ओळखीतून दुसरंच यंत्र मागून आणलं. जमिनीत वीज सोडून पाण्याचा अंदाज घेणारं. भर उन्हात ते कोंडिबाचं वावर पालथं घालत राहिले. त्यांनी सांगितलेली पहिली जागा कोरडी निघाली. त्या दिवशी सर जेवले नाहीत. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात ते पुन्हा गेले, आणि ओढ्याच्या बाजूला पाणी लागलं. फार नाही, पण वैशाखातही आटलं नाही.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी सर गेले. कॉलेजात शोकसभा झाली. त्यांच्या नकाशांवर, लेखांवर सगळे चांगलं बोलले. मागच्या रांगेतून गयाबाई उठली. माईक तिनं हातात घेतला नाही.

"सरांच्या चुलीपायी आमची इहीर हलली," ती म्हणाली. "मंग पाणी लागोस्तोर आमच्या वावरातून हलले न्हाईत."