एस्टेल ग्रोडनरचे वाटाणे

वेस्ट एंड अव्हेन्यूवरच्या त्या पंधरा मजली इमारतीत एस्टेल ग्रोडनरला सगळे मान द्यायचे आणि शक्यतो टाळायचे. बाई आयुष्यभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत आली आणि सुट्टीच्या दिवशी मोर्चे काढत आली. युद्ध, अणुबाँब, देवमासे, काही म्हणून सोडलं नाही. नवरा सिड गेल्यावर तिने सगळा जोर पृथ्वी वाचवण्यावर लावला.

त्यामुळे शहराने मोठ्या इमारतींना कायदा लावला, की ठरल्यापेक्षा जास्त कार्बन हवेत सोडाल तर टनामागे दंड भरा, तेव्हा बाकीच्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या आणि एस्टेलच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इमारतीच्या हरित समितीची अध्यक्ष अर्थातच ती झाली.

इमारत जुनी, वाफेवर तापणारी. तळघरातला बॉयलर पेटला की घरोघरचे रेडिएटर तापून फुसफुसायचे, आणि जानेवारीच्या कडाक्यात लोक बनियनवर बसून खिडक्या उघड्या टाकायचे. यात कुणालाच वावगं वाटत नव्हतं, त्यांचे आईबापही तसेच जगले होते. एस्टेलने भांडून भांडून काही घरांत तापमान मोजणाऱ्या डब्या बसवून घेतल्या. त्यातलं सगळ्यात गार घर जेवढं मागेल तेवढाच बॉयलर चालणार.

"अगं, आताच माझे पाय बर्फ होतात," चौथ्या मजल्यावरची मिरियम पिंकस सभेत म्हणाली.

"स्वेटर घाल, मिरियम. मोजे घाल. पृथ्वी जळतेय, आणि तू पायांचं काय सांगतेस?"

टाळ्या पडल्या.

आता गंमत बघा. एक डबी एस्टेलच्याच घरात लागली, आणि तिचं घर नदीच्या बाजूचं. पहिल्याच हिवाळ्यात बाईला थंडी वाजायला लागली. साधीसुधी नव्हे, हाडांत शिरणारी, म्हातारपणाची थंडी. तिने स्वेटर घातला, त्यावर सिडचा स्वेटर घातला, टोपी घालून झोपली. इमारतीची देखभाल करणारा बेसनिक खाली तळमजल्यावरच राहायचा, पण त्याला सांगायचं तरी कोणत्या तोंडाने? शेवटी एका सकाळी तिने फ्रीजरमधून गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी काढली आणि चिकटपट्टीने डबीवर बसवली. डबीला वाटलं, घरात उत्तर ध्रुव अवतरला. बॉयलर धडाडून पेटला. एस्टेलला ऊब मिळाली, आणि खरं सांगायचं तर तिला इतकं बरं वाटलं की लाज दुपारपर्यंत आलीच नाही. आल्यावरही तिने पिशवी काढली नाही, फक्त वितळली की बदलत राहिली.

बाकी इमारतीत भट्टी लागली. खिडक्या पुन्हा सताड उघडल्या. पुढच्या जानेवारीत वर्षाचा हिशेब आला, तर कार्बन कमी व्हायचा तो वाढलेला, आणि दंड डोक्यावर.

"हा बेसनिकच बॉयलर दामटतो," इमारतीचा कारभार बघणाऱ्या मंडळाचा अध्यक्ष लिओनार्ड विट्किन म्हणाला. तो वकील, त्यामुळे पुरावा मागायची सवय त्याला फक्त कोर्टात होती. "काढून टाकू त्याला."

नोकरी गेली की बेसनिकचं तळमजल्यावरचं घरही जाणार, आणि घरात बायको, दोन शाळकरी मुली. चोर सोडून संन्याशाला फाशी. एस्टेल उभी राहिली.

"त्याने काही केलेलं नाही. मी केलं. मी डबीवर वाटाणे बांधले."

लिओनार्डचे डोळे पाणावले.

"एस्टेल, एस्टेल! गरिबाला वाचवायला सगळं स्वतःच्या अंगावर घेतेस!"

"अरे गाढवा, खरंच मी केलंय! वर चल, दाखवते!"

"अशी माणसं राहिली नाहीत हो आता," मिरियम नाक पुसत म्हणाली.

वर मात्र कुणी गेलं नाही. जिला आपण टाळ्या वाजवल्या तीच चोर निघाली तर आपण कोण, हे बघायची कुणाची तयारी नव्हती. एस्टेलसाठी पुन्हा टाळ्या झाल्या, आणि तिचं एक मत सोडून सगळ्यांच्या मतांनी बेसनिकला नोटीस द्यायचं ठरलं.

दुसऱ्या सकाळी एस्टेल इमारतीच्या दारात फलक घेऊन उभी राहिली. "दंड माझ्यामुळे. बेसनिक निर्दोष." आयुष्यभर तिने दुसऱ्यांविरुद्ध घोषणा दिल्या, ही पहिली स्वतःविरुद्ध. नदीवरचा वारा कानशिलं कापत होता. दारवान राऊलने खुर्ची आणून दिली, ती बसली नाही. येणारे-जाणारे तिचा फोटो काढत आणि "किती गोड आजी!" म्हणत.

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी नवव्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं. त्यांनी फलक वाचला, दलालाला विचारलं, "कसला दंड?" आणि उत्तर न ऐकताच टॅक्सीला हात केला. पृथ्वीच्या तापमानाने जे झालं नव्हतं ते फ्लॅटच्या भावाने झालं. संध्याकाळी लिओनार्ड स्वतः खाली आला.

"आत चल, बाई. बेसनिक राहील."

"आणि मी केलं, हे लिहा."

"लिहितो, लिहितो. आधी तू आत चल."

सकाळी लिफ्टमध्ये सूचना लागली: "मिसेस ग्रोडनर यांच्या थोर मनाचा मान राखून मंडळाने बेसनिकची चूक माफ केली आहे."

एस्टेल तशीच तळघरात गेली. बेसनिक बॉयलरपाशी उभा होता.

"मी सांगितलं रे त्यांना. घसा फोडून सांगितलं."

"माहीत आहे, बाई." त्याने हात फडक्याला पुसले. "सकाळपासून जो तो मला सांगतोय, तुमचे उपकार विसरू नकोस म्हणून. वीस वर्षांत कुणी मला नाव ठेवलं नव्हतं. आता न केलेल्या चुकीची माफी मिळाली. माझ्या मुलीनेही वाचली ती लिफ्टमध्ये. तर आभार मानतो तुमचे."

आणि त्याने हात पुढे केला. एस्टेलला तो हात धरवेना.