साडीचं दुसरं टोक

साडीला खळ कशी करायची हे मला येत नाही. साबुदाणा किती, पाणी किती, उकळी आल्यावर कुठवर ढवळायचं, काहीच माहीत नाही. उभी नोकरी कडक खळीच्या सुती साड्या नेसून काढलेल्या बाईने हे सांगावं, हे विचित्रच आहे. पण लिहायला बसलेच आहे, तर इथूनच सुरुवात करते.

मी नागपूरच्या एका बौद्ध वस्तीतली. आमच्याकडे इस्त्रीचे कपडे ही चैन नव्हती. कधी ताटात भाजी नसायची, पण शाळेच्या फ्रॉकला सुरकुती चालायची नाही. आई तांब्यात निखारे घालून इस्त्री फिरवायची आणि फ्रॉक माझ्या हातात देताना तो उजेडात धरून बघायची. लोक आपल्याला कपड्यांपासून तपासायला लागतात, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

दिल्लीत रुजू झाले तेव्हा मंत्रालयातल्या मोठ्या हुद्द्यावरच्या बायका बघून ठेवल्या. हातमागाची साडी, कडक, खांद्यावर एकच पिन, गळ्यात जवळजवळ काही नाही. मी तसंच नेसायला लागले. पहिल्याच वर्षी एक सहकारी कॉरिडॉरमध्ये कौतुकाने म्हणाले, "आप तो बिल्कुल लगती ही नहीं, मैडम." कोण वाटत नाही, हे मी विचारलं नाही. मला कळलं होतं. राग यायला हवा होता. मला बरं वाटलं. हे आजवर मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मुलगी दुसरीत असताना तिचे वडील आणि मी वेगळे झालो. त्याबद्दल इथे काही लिहीत नाही. आई नागपूरचं घर बंद करून माझ्याकडे आली, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये. येताना तिच्याकडे एक ट्रंक होती आणि त्यात विहारात नेसायच्या दोन पांढऱ्या साड्या. आल्यावर पहिल्या रविवारी तिने माझं कपाट उघडलं, एक साडी बोटांत चुरगाळून बघितली आणि म्हणाली, "धोब्यानं खळ घातली का पाणी मारलं? असं नेसून जातं तू मंत्र्याफुडं?"

त्या दिवसापासून माझ्या साड्या तिच्याकडे गेल्या. दर रविवारी गच्चीवर बादली, खळ, दोरी. साडी अर्धवट ओली असताना दोघांनी दोन टोकं धरून ताणायची असते, म्हणजे तिचे काठ सरळ येतात. एक टोक आईकडे. दुसरं टोक माझ्या मुलीकडे, फ्रॉक घातलेल्या, पाय रोवून मागे रेललेल्या. हे मी कधी तरी खिडकीतून बघितलं असेल. धरलं मात्र कधीच नाही. रविवारी मी एक तर फायली वाचत असायचे, नाही तर कचेरीत असायचे.

माझ्या कामात संसदेचं अधिवेशन ही एक गोष्ट होती. अधिवेशन सुरू झालं की रजा नाही. आमच्या मंत्रालयावर प्रश्न लागला, की त्याचं उत्तर, त्यावर येऊ शकतील ते सगळे उपप्रश्न, त्यांची उत्तरं, हे सगळं तयार ठेवायचं आणि त्या दिवशी सभागृहाच्या अधिकाऱ्यांच्या गॅलरीत ताठ बसायचं, मंत्र्यांना लागलीच तर चिठ्ठी पाठवायला. मला हे काम आवडायचं. हेही सांगूनच टाकते. लोकांना वाटायचं, एकटी बाई, नाइलाजाने राबते. नाइलाज काही दिवस होता. पुढे मला त्या गॅलरीत बसायला आवडायला लागलं होतं.

घरात त्याचा एक नियम तयार झाला. तो मी केला नाही, पण मोडलाही नाही. शाळेची तक्रार असो, ताप असो, गॅस संपलेला असो, आई म्हणायची, "आता नको. तिचं अधिवेशन हाय." अधिवेशन संपलं की मग मला सगळं एकदम कळायचं, बहुतेक मिटल्यावर. मी बाहेर मैत्रिणींना अभिमानाने सांगायचे, "घराचं टेन्शन मला आई येऊच देत नाही यार."

मुलगी आठवीत असताना बुद्धपौर्णिमेला आम्ही तिघी विहारात गेलो. मी नवी पांढरी साडी नेसले होते, काठ सुरीसारखे. आई खोलीतून बाहेर आली तर तिची साडी मऊ, लोळागोळा झालेली, निऱ्या खाली घसरलेल्या. जिने तांब्याच्या इस्त्रीने मला वाढवलं तिची ही साडी. मला वाटलं, वय झालं, आता हिला भान राहत नाही. आणि विहारात माझ्या ओळखीची बरीच माणसं असणार होती, सचिवालयातली, विद्यापीठातली.

"आई, निदान इस्त्री तरी करायचीस. लोक काय म्हणतील?"

"कोण बघते मले म्हातारीले?"

"मला बघतात ना."

मुलगी काही तरी बोलायला गेली. आईने तिचा दंड दाबला. हे मला दिसलं. मी घड्याळ बघितलं आणि ऑटो थांबवली.

त्याच वर्षी पावसाळी अधिवेशनात एका रविवारी मी दुसऱ्या दिवशीच्या प्रश्नाची तयारी करायला कचेरीत गेले, तर तो प्रश्न दुसऱ्या मंत्रालयाकडे वळवल्याचं कळलं. दुपारीच घरी परतले. घरात कुणी नव्हतं, म्हणून गच्चीवर गेले. पावसाने उघडीप दिली होती. माझी मुलगी कोपरापर्यंत खळीत हात घालून बादलीपाशी बसली होती. आई शेजारी पाटावर, हात मांडीवर ठेवून, तोंडाने सांगत होती, "पिळू नोको, पिळू नोको. नुसती निथळू दे."

मला बघून दोघी उठल्या. चोरी पकडल्यासारख्या.

"आज लवकर कशी?" आई म्हणाली, आणि हात पदराखाली घेतले.

मी ते बाहेर काढले. बोटांचे सांधे सुजून वाकडे झाले होते. मूठ मिटत नव्हती.

"कधीपासून?"

"काई नाई झालं माह्या हाताले."

"होळीपासून," मुलगी म्हणाली. "आजीला बटनपण लावता येत नाही. मीच लावते."

"मला का नाही सांगितलं?"

"आजी म्हणाली, सेशन संपल्यावर सांगू."

"ते तर मे महिन्यातच संपलं होतं."

"मग दुसरं आलं ना," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. पावसानंतर हिवाळा येतो हे सांगावं तसं ती सांगत होती.

मग मला पौर्णिमेची साडी आठवली. तिनेच सांगितलं, "मी आजीची पण करणार होते. पण ती बोलली, आधी आईची कर, तिला ऑफिस आहे. मग अंधारच झाला."

आईला डॉक्टरकडे मी नेलं. अधिवेशन संपल्यावर. साड्या धोब्याकडे जायला लागल्या आणि मला वाटलं, आपण प्रश्न सोडवला. आई एवढंच म्हणाली, "मंग मी रविवारी काय करू?" मी हसले.

पुढे आम्ही द्वारकेच्या सोसायटीत राहायला गेलो. आई तिथेच वारली. मी जवळ होते, तेवढं मला मिळालं. तिला मी कधी म्हणू शकले नाही, की त्या दिवशी विहारात जायला निघताना मी जे बोलले ते बोलायला नको होतं. रोज म्हणेन म्हणेन म्हणायचे. समोर बसलं की आम्ही भाजीचं बोलायचो.

मुलगी आता गुडगावला एका कंपनीत आहे. दोन मैत्रिणींबरोबर तिथेच राहते. तिचं ऑफिसचं राहणं माझ्यापेक्षा सोपं आहे, ढगळ शर्ट, पांढरे बूट, कपाळ मोकळं. मीटिंग घरूनच असली की वर शर्ट आणि खाली पायजमा. मी एकदा काही बोलले तर म्हणाली, "चलो, तू गॅलरीत बस, मी सोफ्यावर बसते."

गेल्या दिवाळीत ती घरी आली होती. फराळ काढत होतो. डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं, ते उघडायला तिने जोर लावला आणि छातीपाशी हात धरून थांबली. मी विचारलं. ती म्हणाली, "काही नाही, टाके अजून ओढतात कधी कधी."

"कसले टाके?"

"अगं, गाठ होती छोटीशी. काढली ऑगस्टमध्ये. साधी निघाली, रिपोर्ट बिल्कुल क्लिअर आहे. टेन्शन घेऊ नको."

"कुणाबरोबर गेलीस?"

"फ्लॅटमेट होती ना."

मी विचारू नये ते विचारलं. "मला का नाही सांगितलंस?"

तिने चकलीचा तुकडा तोंडात टाकला. "सेशन चालू होतं ना तुझं."

टोमणा असता तर मी काही तरी बोलले असते. तो टोमणा नव्हता. भूल देण्याआधी, रिपोर्ट यायच्या आधीच्या त्या दिवसांत माझी मुलगी माझ्याशी फोनवर रोज बोलत होती. जेवलीस का, ऊन किती आहे, मेट्रो वेळेवर होती का. मी तेव्हा कुठल्या प्रश्नाची तयारी करत होते, तेसुद्धा मला आठवेना.

त्या दिवशी मी तिला म्हणाले, "यापुढे सांगत जा. काहीही चालू असलं तरी."

"अच्छा," ती म्हणाली. मुलं आईला गप्प करायला म्हणतात तसं. आणि तिने डबा माझ्या हातात दिला.

मी वाट बघत राहिले. गाठीची तपासणी सहा महिन्यांनी परत होणार, एवढं मी तिच्याकडून काढून घेतलं होतं. म्हणजे फेब्रुवारी, म्हणजे अर्थसंकल्पी अधिवेशन. तारीख मी विचारली नाही. मला ती तिच्याकडून यायला हवी होती. जानेवारी गेला. फोनवर आम्ही धुक्याचं बोलायचो.

मग एका सकाळी मेसेज आला: "मंगळवारी सोनोग्राफी आहे. तुझा क्वेश्चन डे असेल. फक्त सांगून ठेवतेय."

खरंच होता. तारांकित प्रश्न, वरच्या क्रमांकाचा, नक्की पुकारला जाणारा. मी वरिष्ठांच्या खोलीत गेले. ते म्हणाले, "क्वेश्चन डे पे, मैडम? आप?" त्या "आप"मध्ये माझी सगळी नोकरी होती. मी म्हटलं, बेटी का टेस्ट है. त्यांनी विचारलं, सीरियस? मी म्हटलं, नहीं. सीरियस आहे असं सांगितलं असतं तर त्यांना सोपं गेलं असतं. हाताखालच्या अधिकाऱ्याला मी सगळे कागद समजावून दिले आणि मंगळवारी गुडगावची मेट्रो पकडली.

धोब्याकडून साड्या आल्या नव्हत्या. घरी धुतलेली एक जुनी होती, तीच नेसून गेले. मऊ, लोळागोळा झालेली. आरशात बघितलं तेव्हा क्षणभर आई दिसली.

मुलगी दवाखान्याच्या बाकावर लॅपटॉप उघडून बसली होती. मला बघून तिने आधी विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. आले."

"प्रश्न?"

"दुसरं कोणी बसलंय."

तिने लॅपटॉप मिटला नाही. मी शेजारी बसले. अशा ठिकाणी एकत्र बसायची आम्हाला सवय नव्हती. पर्समध्ये माझा फोन थरथरत होता. "बघ हवं तर," ती म्हणाली. मी एकदा बघितला. खोटं कशाला सांगू. मग परत ठेवला.

तिने माझ्या पदराचं टोक उचललं आणि बोटांत चुरगाळून बघितलं. अगदी आईसारखं.

"खळ नाही?"

तिचं मराठी अर्धं हिंदीत विरघळलंय. कित्येक शब्द तिला आठवत नाहीत. हा आठवतो.

"मला नाही करता येत."

"येत नाही?" ती खरंच चकित झाली. "इतकी वर्षं?"

"नाही."

ती हसली नाही. पदर हातात धरूनच म्हणाली, "आजीची ती पौर्णिमेची साडी मी अंधारातपण करू शकले असते, आई. आजीने ऐकलं नाही."

इतकी वर्षं ती ते घेऊन फिरत होती. मला वाटत होतं ती साडी फक्त माझ्या मनात आहे.

"ते तुझं नव्हतं," मी म्हणाले. "बोलले मी होते. तिला कधीच सॉरी म्हणाले नाही. तुलाही नाही."

तिला आत बोलावलं. ती लॅपटॉप माझ्या मांडीवर ठेवून गेली. उघडाच. त्यावर तिच्या ऑफिसातले कुणी कुणी काही लिहीत होते. मी तो हळूच मिटवला आणि दोन्ही हातांनी धरून बसले.

सगळं ठीक होतं. डॉक्टरीणबाईंनी सहा महिन्यांनी परत बोलावलं. मेट्रो स्टेशनच्या जिन्यापाशी ती थांबली.

"रविवारी येते. साबुदाणा आणून ठेव. पण दुसरं टोक तुला धरावं लागेल हं, पाय रोवून."

"धरते."

"आणि ऑगस्ट. तुझं पावसाळी असेल तेव्हा."

"असेल. तारीख सांग."

तिने माझ्याकडे बघितलं. मग फोन काढला, अंगठ्याने काही तरी टाइप केलं. माझा फोन वाजला. कचेरीत लोक मीटिंगचं पाठवतात तसं कॅलेंडरचं आमंत्रण होतं. तारीख, वेळ, ठिकाण. विषयाच्या जागी फक्त "मी" लिहिलं होतं. ती समोर उभी राहून वाट बघत होती.

मी ते तिथेच स्वीकारलं.