आमचे इवाई आणि बर्फाच्या खोलीचा पाइप

आमच्या इवायांनी आयुष्यात कुठलीच पातळ वस्तू नुसती प्यायली नाही. आधी ती बघितली, हलवली, बशी वाकडी करून तिची धार धरली, ती किती जोरानं पळते आणि कुठं अडते याचा मनात हिशोब केला, आणि मग, तोवर पार निवून गेली नसली तर, प्यायली. इवाई म्हणजे माझ्या लेकीचे सासरे, राहणार विष्णुपुरी, नांदेड. नोकरीभर त्यांनी पाण्याच्या पाइपांची गणितं केली. टाकीतून निघालेलं पाणी शेवटच्या नळाला किती जोरानं पडेल, वाटेत पाइपाला घासून किती जोर मरेल, एवढंच त्यांचं काम. रिटायर झाल्यावर माणसं देवाला जातात, नातवंडं खेळवतात. हे कारखान्यांच्या आगीच्या फवाऱ्यांची गणितं करू लागले. छताला पाइप असतात, पाइपाला तोट्या असतात, खाली आग लागली की तापून तोटी आपोआप उघडते आणि पाणी पडतं. ते पाइप किती जाड पाहिजेत हे सांगणारे आमचे इवाई. मी चौथी शिकलेला माणूस, चाकूरजवळच्या खेड्यात राहतो. मला यातलं जे काही कळतं ते त्यांनी माझं डोकं खाऊन खाऊन कळलेलं आहे.

लेकीच्या लग्नात मुलाचा बाप म्हणून त्यांना मांडवात मधोमध बसवलं, फेटा बांधला. थोड्या वेळानं बघतो तर खुर्ची रिकामी. इवाई पंगतीत मठ्ठ्याच्या बादलीजवळ उभे, आणि वाढप्याला सांगून राहिलेत, "अरे, ह्यो लई घट्ट झालाय. पातळ कर, न्हाईतर वाढता वाढता पंगत उठून जाईल." वाढपी वैतागून म्हणाला, "काका, तुम्ही मुलाकडचे का मुलीकडचे?" हे म्हणाले, "मी मठ्ठ्याकडचा." माझी बायको तोंडाला पदर लावून हसली आणि मला म्हणाली, "पोरीला सासरा बरा भेटला. ह्या माणसाला रागवायला येळच न्हाई." थंडीत आमच्याकडं आले की तुपाचा डबा आडवा धरून तूप कधी हलतं ते बघत बसायचे. ताटातली खिचडी गार होऊन जायची. बायको म्हणायची, "इवाई, तूप चुलीजवळ ठिवते, जेवा आता." तर म्हणायचे, "ठिवू नका. मंग बघायला काय राहिलं?"

बायको लातूरला दवाखान्यात होती तेव्हा माणसं भेटायला यायची, नारळपाणी आणायची, देवाचं नाव घ्यायची आणि जाताना जिन्यात हळू आवाजात बोलायची. इवाई यायचे ते सरळ सलाइनच्या बाटलीखाली स्टूल ओढून बसायचे. नळी कुठं मुडपली का बघायचे, बाटलीकडं मान वर करून बसायचे. नर्सबाई एकदा म्हणाल्या, "आजोबा, आमचं काम आम्हाला करू द्या." हे म्हणाले, "करा की माय. मी नुसता धारेकडं बघून राहिलो." ती बरी होणार नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. तरी ते तिथं बसले की मला बरं वाटायचं. निदान कुणीतरी कशावर तरी लक्ष ठेवून आहे. मग ती गेली. आता घरात मी आणि फळीवरची भांडी. डबा धाकटी भावजय आणून देते. चव लागत नाही, पण तिला तसं सांगत नाही.

अशात लेकीचा फोन आला. रडत होती. जावयानं नांदेडच्या बाहेर लातूर रोडला शीतगृह बांधलं होतं. त्यात एक खोली नुसती बर्फाची, आंब्याचा रस गोठवून ठेवायची. त्या दोघांनी होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलं होतं, आणि आंबा उतरायच्या आत ती खोली चालू व्हायला पाहिजे होती. तिथंच आमचे इवाई आडवे आले. फवाऱ्याचं गणित बरोबर आहे अशी त्यांची सही पाहिजे होती, आणि ते सही करत नव्हते. पोरगा बापाला म्हणाला, "तुम्ही न्हाई केली तर दुसऱ्याची आणतो." बाप म्हणाला, "आण. मंग मी ह्या घरात जेवत न्हाई." आणि मागच्या खोलीत वेगळा स्टोव्ह मांडून बसले. लेक म्हणाली, "आबा, हे हिकडं बोलत न्हाईत, मामंजी तिकडं बोलत न्हाईत. मी दोन्हीकडं ताट घिऊन फिरून राहिले. आई असती तर तिनं कान धरले असते. तुम्ही या." असली कामं सगळी तिच्या आईची. मला बोलता येत नाही, मी बोललो की भांडण वाढतं. तरी काकवीची बाटली पिशवीत टाकली आणि एसटीत बसलो.

मागच्या खोलीत इवाई पिठलं हलवत होते, आणि ते कसं हलतं तेच बघत असल्यामुळं खाली करपलं होतं. मी बसलो आणि सरळच विचारलं, "इवाई, बर्फाच्या खोलीत आग कशानं लागंल?"

"भिंतीत फोम हाय, फोमातून वायरी हायत. आगीला थंडी वाजत न्हाई, पाव्हणं."

"बरं. मंग पाइपात पाणी भरा आन सही करा."

त्यांनी स्टोव्ह बंद केला. मग सांगितलं ते असं. त्या खोलीत पाइपातलं पाणी गोठून दगड होणार. आपल्याकडं उन्हाळ्यात नळाला हात लावला तर पोळतो. पाइपात पाणी गोठतं ही गोष्टच इथं कुणाच्या डोक्यात येत नाही. ठेकेदाराच्याही आली नव्हती. उशिरा कुणीतरी सांगितलं, तेव्हा त्यानं पाण्यात ग्लिसरीन मिसळायचं ठरवलं, म्हणजे गोठत नाही. ते बरोबर केलं. पण गणित पाण्याचंच ठेवलं. त्याच्याकडं सूत्रच एक, तेवढ्यावर त्यानं मंगल कार्यालयं केली, दवाखाने केले. ते सूत्र नुसत्या पाण्याला लागू. ग्लिसरीनचं पाणी त्या थंडीत घट्ट होतं, पाइपाला धरून चालतं, त्याला दुसरं गणित. त्यात आधी एक अंदाज धरायचा, सगळं करत शेवटपर्यंत जायचं, अंदाज चुकला की पुन्हा पहिल्यापासून धरायचा. इवायांनी ते करून करून कागदांची गादी केली होती, आणि दर वेळी बसवलेला पाइप बारीकच निघत होता. मला काही कळलं नाही. मी म्हणालो, "थोडं हळू पडंल. पडंल तर खरं."

त्यांनी माझ्या पिशवीतली काकवी घेतली, अर्धी वाटीत ओतून बाहेर ठेवली, आणि बाटली फ्रिजच्या वरच्या कप्प्यात कोंबली. लेकीनं ताट आणलं. इवाई तिच्यासमोर जेवले नाहीत, त्यांचं करपलेलं पिठलंच खाल्लं, मीही तेच खाल्लं. बऱ्याच वेळानं ती बाटली काढून माझ्या हातात दिली. "घ्या भाकरीवर." मी उलटी केली. हलवली. बुडावर थापट मारली. तोंडाशी एक थेंब येऊन लोंबत राहिला, पडायचं नावच घेईना.

"भाकर पेटलीय असं धरा," इवाई म्हणाले.

मी बाटली खाली ठेवली. ग्लिसरीन काही काकवीइतकं घट्ट नसतं, हे त्यांनीच वर सांगितलं. खोटं बोलवत नाही त्यांना, अगदी स्वतःच्या फायद्याचंही. मी म्हणालो, "हेच पोराला दाखवा की." तर स्टोव्हकडं बघत म्हणाले, "त्याला वाटतं, बाप मोठेपणा करून राहिलाय. दुसऱ्याचं काम असतं तर एकदा लिहून दिलं असतं, घरी आलो असतो. त्या खोलीत रोज माझा पोरगा जाणार हाय." एवढं म्हणाले आणि वाटीतली काकवी उगाच फिरवत बसले.

तो धोंड्याचा महिना होता. या महिन्यात जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, ताम्हनात अनारसे आणि दिवा द्यायचा अशी रीत. या जेवणात जावयाला द्यायचं असतं, त्याच्याकडं काही मागायचं नसतं. ते सगळं बायकोनं करायचं. या वर्षी मी बोलावलं. भावजयीनं धोंडे तळले, अनारसे हसले, म्हणजे तुपात फुटून विरघळले, ते तसेच ताम्हनात ठेवले. मी जावयाला ओवाळू शकत नव्हतो, नुसता समोर बसलो. त्यांनी पहिला धोंडा फोडला, त्यात तूप ओतलं, आणि मी बोललो. मला गोड करून सांगता येत नाही. "जावईबापू, तुमचे वडील गणितासाठी अडून बसले न्हाईत. रोज तुम्ही त्या खोलीत जाणार म्हणून बसलेत. मला स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. आता दुसऱ्याची सही आणायची तर आणा."

लेक माझ्याकडं बघायला लागली. भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली ती तशीच उभी राहिली. जावयानं तो धोंडा सावकाश संपवला. मग पाणी मागितलं. मग म्हणाले, "ह्या साली आंबा गेला मंग." मी म्हणालो, "हाव, गेला." ताम्हन घेऊन ते नांदेडला गेले.

आंबा गेलाच. रस दुसऱ्याच्या शीतगृहात गेला, आणि फायदाही तिकडंच. जावयानं मनगटाएवढा पाइप उतरवून मांडीएवढा चढवला. पावसाळ्यात तपासणी झाली तेव्हा मला मुद्दाम नेलं. पंप चालू केला, आणि सगळ्यांत लांबच्या टोकाची तोटी उघडली. इवाई खाली उभे राहिले, कुणाचं ऐकलं नाही. धार अशी पडली की फेटा असता तर वाहून गेला असता. ग्लिसरीनच्या गोड, चिकट पाण्यानं भिजून, चष्मा काढून, मान वर करून ते बघत राहिले. पोरगा टॉवेल घेऊन आला. "बाबा, सरका आता. मुंग्या लागतेल." इवाई सरकले. सही तिथंच केली, कागदालाही चिकटपणा लागला.

या सगळ्यात इवाई थकले. हात कापतो आता, आकडा काढायला गेले की तीनचा आठ होतो. तरी कामं घेतात. रविवारी जावई त्यांच्या बाजूला बसतो, ते सांगतात, हा लिहितो. अंदाज चुकला की दोघं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतात. लेक मला बोलावते, मी एसटीनं जातो, भिंतीला टेकून बसतो. ते एकमेकांशी घरचं, मनातलं काही बोलत नाहीत. एक आकडा सांगतो, दुसरा तोच परत म्हणून लिहून घेतो. मला त्यातलं काही कळत नाही, आणि आता कळावं असंही वाटत नाही. घरात माणसांचा आवाज चालू असतो. तो ऐकता ऐकता माझा डोळा लागतो, आणि कुणी उठवत नाही.