मामांनी सांगितलेली नावं

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझं एरवी काही लपत नाही. तुमच्याजवळ बोलतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. दुसरं काही कारण नाही.

उदगीरला माझा फोटो स्टुडिओ आहे. मूळ मामांचा. आसपासच्या गावांतली लग्नं, हळदी, बारशी — सगळी त्यांनीच काढलेली. काचबिंदूनं त्यांची नजर गेली तेव्हा दुकान माझ्याकडे आलं. मी नांदेडला कॉम्प्युटर शिकून आलेला, म्हणजे स्वतःच्या मते मोठा शहाणा. मामांच्या जुन्या निगेटिव्हचे डबेच्या डबे मी स्कॅन केले आणि त्यांना ऐटीत सांगितलं, की आता वही-बिही काही नको. फोटोतल्या माणसांची नावं त्या फाइलच्या आतच लिहिता येतात. फोटो पेन ड्राइव्हमधून कुठंही न्या, दुसऱ्या कॉम्प्युटरवर टाका, नाव त्याच्याबरोबर जातं. नाव शोधलं, की फोटो समोर. मामा खुलले. म्हणाले, "म्हंजे पोटातच लिहायलास की रे नाव!"

मग रोज दुपारी मामा माझ्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे. फोटो त्यांना दिसत नव्हता. मी फक्त सांगायचो — अमक्या गावचं लग्न, हळदीचा घोळका, मागं लिंबाचं झाड. की ते डावीकडून एकेक नाव सांगत जायचे. कसं लक्षात राहिलं असेल त्यांच्या? मला आजही कळत नाही.

पुरुषांची नावं सोपी होती. बायकांचं मात्र त्रांगडं. आपल्याकडे लग्नात नाव बदलतात, म्हणजे एकीची दोन नावं, दोन आडनावं, दोन गावं. मामांचा हट्ट, की माहेरचं नावसुद्धा लिही. "ते कुटंच लिहिलेलं नसतंय रे, भाच्या. तू तरी लिही."

मी "हाव, लिहितो" म्हणायचो. आणि —

सांगतो. थांबा जरा.

मी लिहीत नव्हतो. कंटाळा यायचा. एका घोळक्यात पंचवीस-तीस बायका, कोण बसेल लिहीत? मी सगळ्यांसाठी मिळून एकच शब्द टाकायचो — 'महिलामंडळ'. मला तेव्हा त्यात विनोद वाटायचा. पण मामांना आवाज तर ऐकू येणार. म्हणून ते नावं सांगत असताना मी कीबोर्डवर नुसती बोटं वाजवायचो. एका आंधळ्या माणसाशेजारी बसून, त्याच्या आयुष्याची शिदोरी तो माझ्या ओंजळीत घालत असताना, मी टकटक करत राहायचो. मधूनच विचारायचो, "पुढं, मामा?" ते पुढचं नाव सांगायचे. वर्षभर हे चाललं.

मामा गेले. समाधानानं गेले, असं सगळे म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात बिलोलीकडची एक बाई आली. शोभाताई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी. ती दीड वर्षाची असताना तिची आई वारली होती, आणि घरात आईचा एकही फोटो नव्हता. आईचा चेहरा तिला माहीतच नव्हता. मामा तिला कधीतरी एका लग्नात भेटले होते आणि म्हणाले होते, तुझी माय हाय माझ्याकडं, पाटलाच्या पोरीच्या हळदीत. माझ्या भाच्यानं नाव लिहून ठेवलंय. त्या शब्दावर ती दोन एसट्या बदलून आली होती. आईची दोन्ही नावं तिनं मला सांगितली. माहेरची गिरजा, सासरची सुमन.

मी शोधलं. काहीच आलं नाही. येणार कुठून?

तेव्हाच कबूल करायचं होतं. ताई, मी लिहिलंच नाही — एवढं वाक्य होतं. पण ती मामांचं नाव घेऊन इतक्या विश्वासानं बघत होती, आणि मला माझी अब्रू प्यारी. मी त्या हळदीचा फोटो उघडला. एकतीस बायका. शोभाताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि खालच्या ओठाशी तीळ असलेल्या एकीवर बोट ठेवलं. नाक जरा तिच्यासारखं वाटलं म्हणून. केवळ तेवढ्यावरून.

शोभाताई खुर्ची ओढून स्क्रीनच्या अगदी जवळ आली. मग हळूच म्हणाली, "माय हासायलीय का हो, भाऊ?"

मी हो म्हणालो.

तो चेहरा मोठा करून, फ्रेम करून दिला. पेन ड्राइव्हमध्येही दिला, आणि फाइलमध्ये नाव लिहिलं — गिरजा, सासरची सुमन. मामांच्या त्या हजारो फोटोंत मी लिहिलेलं एका बाईचं माहेरचं नाव ते एवढंच. आणि तेच खोटं.

कुणास ठाऊक, बरोबरही असेल, असं मी मनाला समजावत राहिलो. काही वर्षं त्यावर निभावलं. मग मागच्या पावसाळ्यात एक म्हातारी सुनेबरोबर पासपोर्ट साइज फोटो काढायला आली. दिवा लावला आणि ओठाशी तीळ दिसला. ती आपणहूनच सांगू लागली, की पाटलाच्या पोरीच्या हळदीत मामांनी तिचा फोटो काढला होता, आणि ती तेव्हा नवी सून, घोळक्यात सासूशिवाय कुणालाच ओळखत नव्हती, तरी हसतच होती म्हणून सासूनं तिला घरी आल्यावर झापलं होतं. मी तिचे आठ फोटो काढून दिले. तिच्याच तरुणपणाच्या फोटोला तिकडे बिलोलीकडे रोज हार असतो, हे मी तिला सांगितलं नाही. शोभाताईलाही नाही.

उरलेल्या तीस चेहऱ्यांत गिरजा आहे. मी त्यांच्याकडे खूपदा पाहिलंय. कोणती, ते सांगणारा एकच माणूस होता, आणि त्यानं सांगितलंही होतं — माझ्या कानाशी, स्पष्ट. मी तेव्हा बोटं वाजवत होतो.

परवा शोभाताईचा फोन आला. तिच्या मुलीचं लग्न ठरलंय, पत्रिकेवर सगळ्यात वर आजीचा फोटो हवा, कृपाशीर्वाद म्हणून. पत्रिका मीच करून द्यावी, अशी तिची इच्छा. फोटो तर तुमच्याकडं हायच की, म्हणाली.

ती मजकूर सांगत गेली, मी टाइप करत गेलो. फोटोखाली आईची दोन्ही नावं टाका म्हणाली, माहेरचं आधी. मी टाकली. या वेळी एकेक अक्षर खरंच टाइप केलं, आणि तिला वाचून दाखवलं.