त्यातलं एक पाप माझं होतं

लेकीला ठाऊक न्हाई, नांदेडच्या डॉक्टरला न्हाई, माझ्या बायकोला, सुमनला तर न्हाईच. तुम्हालाच पहिल्यांदा सांगून राहिलो. मी जळकोटचा गवंडी, चौथी शिकलेला. भिंत तिरपी गेली तर आपल्या हातानं पाडणारा माणूस. पण हे पाडायची हिंमत झाली न्हाई.

सुमनला मनाचं मोठं दुखणं झालं. "माझी आतडी सडली," म्हणायची, "माझ्या पापानं गल्लीतला बोअर आटला." घास घेईना. नांदेडला शॉक दिले, गोळ्या दिल्या. अन् काय सांगू — दोन महिन्यांत चुलीपुढं बसून मलाच म्हणाली, "बघता काय असं? भाकर घ्या की ताटात!" गेलेलं माणूस असं माघारी येतं?

डॉक्टर म्हणले होते, बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या न्हाईत.

मग लेकीला बघायला पाहुणे यायचे ठरले. पाहुण्यांच्या बाया सैपाकघरात जातात, फळ्या न्याहाळतात — हे कुणाला चुकलंय? गोळ्या दिसल्या असत्या तर? माय येडी म्हणून लेक नाकारली असती तर? मी सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या. सुमनला म्हणलो, डॉक्टरचा फोन आलता, बंद करा म्हणले. किती खुश झाली! सोयरीक जमली. पुन्हा आणायच्या होत्या — पण लग्न तर होऊ द्या, म्हणलो. चांगली तर हाय.

लेकीच्या लग्नानंतर महिन्यानं सुमनला विहिरीतून काढलं. जिवंत.

डॉक्टरनं विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?" त्या दुखण्यात ती जगाचं पाप अंगावर घ्यायची. म्हणाली, "मीच. सगळं माझंच." मी बाजूला उभा होतो. घेऊ दिलं.

पुन्हा शॉक, पुन्हा गोळ्या — अन् पुन्हा ती आली! आज आठ वर्षं झाली. नातवाला दटावती, माझ्या बिड्या लपवती. सडलेली आतडी गेली, आटलेला बोअर गेला, सगळी खोटी पापं गळून पडली. हे एक तेवढं राहिलं. शॉकनं ते दिवस पुसले, फोनची थाप तिला आठवतच न्हाई. आम्हीच सांगत आलो ना — तू सोडल्या होत्यास.

दवाखान्यात नंबर लावून बसलो की नव्या पेशंटच्या बायांना ती आपणहून सांगती, "गोळ्या सोडू नगा गं बाई. मी शहाणपणा केला अन् विहिरीत गेले." मग माझ्याकडं हात करती, "ह्यांनी लई सोसलं माझ्यापायी."

बाया माझ्याकडं मानानं बघतात. अन् मी — मान डोलवून हाव म्हणतो.